हेलियमचा शोध : गुंटूर, लंडन आणि विजयदुर्ग

पृथ्वीवर हाती लागण्यापूर्वी सूर्यावर सापडलेले मूलद्रव्य, अशी हेलियमची ओळख विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना करून दिली जाते. या ओळखीसोबत सहसा एक तारीखही येते : १८ ऑगस्ट १८६८. त्या दिवशी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले होते. महाराष्ट्रात या तारखेला आणखी एक जोड मिळते. नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने त्या दिवशी विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहणाचे निरीक्षण केले आणि तेथेच हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. किल्ल्यावरील 'साहेबाचे ओटे' त्याचा पुरावा म्हणून दाखविले जातात आणि अलीकडच्या वर्षांत १८ ऑगस्टला तेथे हेलियम दिनही साजरा होतो.

यातील तारीख खरी आहे, शास्त्रज्ञ खरा आहे आणि किल्लाही खरा आहे. त्यांची सांगड मात्र चुकीची आहे. १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर भारतात नव्हते. ते विजयदुर्गास आले १८९८ मध्ये. तोपर्यंत हेलियम प्रयोगशाळेत मिळून तीन वर्षे झाली होती. ही दुरुस्ती केवळ सनावळीची नाही. मूलद्रव्याचा शोध म्हणजे नेमके काय, तो एका दिवसात आणि एका व्यक्तीकडून लागतो का, हे समजून घेण्यासाठी हेलियमइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

वर्णपटाची नवी विद्या

सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ दिला की त्याचा सप्तरंगी पट्टा, म्हणजे वर्णपट मिळतो. १८१४ च्या सुमारास जर्मन काचतज्ज्ञ योझेफ फ्राउनहोफर यांनी या पट्ट्यात शेकडो काळ्या रेषा असल्याचे दाखविले आणि त्यांतील ठळक रेषांना रोमन अक्षरांची नावे दिली. पिवळ्या भागातील ठळक रेषेला 'डी' हे अक्षर मिळाले. पुढे ती रेषा एक नसून एकमेकींना अगदी लागून असलेली जोडी आहे, हे स्पष्ट झाले.

या रेषांचा अर्थ १८५९ ते १८६० या काळात गुस्ताव किर्खहोफ आणि रॉबर्ट बन्सेन यांनी उलगडला. प्रत्येक मूलद्रव्य तापविल्यावर ठराविक रंगांच्याच तेजस्वी रेषा देते आणि तेच मूलद्रव्य तुलनेने थंड वायूच्या रूपात प्रकाशाच्या वाटेत आले, तर नेमक्या त्याच जागी काळ्या रेषा उमटतात. 'डी' ही जोडी सोडियमची ठरली. दूरच्या ताऱ्यात कोणते पदार्थ आहेत हे पृथ्वीवर बसून सांगता येऊ लागले. याच पद्धतीने बन्सेन आणि किर्खहोफ यांनी सिझियम व रुबिडियम ही नवी मूलद्रव्ये शोधली. मात्र त्यांचे नमुने पृथ्वीवरच हाताशी होते. केवळ वर्णपटातील रेषेच्या आधारे, नमुना हाती नसताना, नवे मूलद्रव्य मान्य करावे का, हा प्रश्न पुढे हेलियमने उभा केला.

१८६८ चे ग्रहण

खग्रास ग्रहणाच्या वेळी चंद्राच्या काळ्या बिंबाच्या कडेला तांबड्या ज्वाळांसारखे आकार दिसतात. ते सूर्याचे आहेत की चंद्राचे, हा वाद १८६० च्या ग्रहणाच्या छायाचित्रांनी सूर्याच्या बाजूने मिटविला होता. ते कशाचे बनलेले आहेत हा प्रश्न उरला होता. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात भारतातील काही ठिकाणी खग्रास स्थिती पाच मिनिटांहून अधिक काळ टिकणार होती. वर्णपटदर्शक हे नवे साधन त्या ज्वाळांकडे रोखण्याची ही पहिलीच मोठी संधी होती.

ग्रहणाचा पट्टा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराकडे जात होता. गुंटूर येथे फ्रान्सचे पिएर जान्सेन आणि ब्रिटिश लष्करी अधिकारी मेजर जेम्स टेनंट, जमखंडी येथे लेफ्टनंट जॉन हर्शेल आणि मछलीपट्टणम येथे मद्रास वेधशाळेचे नॉर्मन पॉगसन अशी पथके विखुरली होती. मद्रास वेधशाळेचे भारतीय खगोलनिरीक्षक चिंतामणी रघुनाथाचारी यांचे पथक वनपर्तीला होते. पावसाळ्याचे दिवस असल्याने सर्वांनाच ढगांची धास्ती होती आणि जमखंडीसारख्या ठिकाणी ढगांनी व्यत्यय आणलाही.

बहुतेकांचा मुख्य निष्कर्ष एकच होता. ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा दिसल्या, म्हणजे त्या तप्त वायूच्या होत्या आणि त्यांत हायड्रोजन प्रमुख होता. पिवळ्या भागातही एक रेषा अनेकांना दिसली. ती 'डी' रेषेच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ असल्याने ती सोडियमची असावी, असा साहजिक तर्क केला गेला.

जान्सेन यांचे लक्ष दुसऱ्याच गोष्टीने वेधले. या रेषा इतक्या तेजस्वी होत्या की ग्रहणाशिवायही त्या दिसायला हव्यात, असे त्यांच्या मनात आले. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, त्यांनी भर सूर्यप्रकाशात तो प्रयोग यशस्वी करून दाखविला. काही मिनिटांच्या ग्रहणासाठी हजारो मैल प्रवास करण्याची सक्ती त्यामुळे संपली. गुंटूरचे ऐतिहासिक महत्त्व मुख्यतः या पद्धतीमुळे आहे. आपल्याला नवे मूलद्रव्य मिळाले, असा दावा जान्सेन यांनी तेव्हा केला नव्हता.

लंडनमधील निरीक्षण

याच वेळी लॉकियर लंडनमध्ये होते. युद्ध खात्यात कारकुनी करणारा हा गृहस्थ फावल्या वेळात घरच्या दुर्बिणीतून सूर्याचा अभ्यास करीत असे. ग्रहणाशिवाय ज्वाळांचा वर्णपट घेण्याची कल्पना त्यांना १८६६ मध्येच सुचली होती. मात्र त्यासाठी लागणारा शक्तिशाली वर्णपटदर्शक तयार होऊन हाती येण्यास ऑक्टोबर १८६८ उजाडला. २० ऑक्टोबर रोजी त्यांनी त्या साधनातून सूर्याच्या कडेवरील ज्वाळेच्या तेजस्वी रेषा पाहिल्या.

लॉकियर आणि जान्सेन यांची पत्रे पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे २६ ऑक्टोबर १८६८ रोजी, एकाच बैठकीत आली. अकादमीने दोघांचेही श्रेय मान्य केले आणि पुढे १८७२ मध्ये फ्रान्स सरकारने दोघांची मुखचित्रे असलेले पदक काढले. हे श्रेय सूर्याचे ग्रहणाविना निरीक्षण करण्याच्या पद्धतीचे होते, ही गोष्ट अनेक पुस्तकांत निसटते.

पिवळी रेषा कोणाची?

ग्रहणाची घाई नसल्याने लॉकियर यांना पिवळ्या रेषेची जागा निवांतपणे तपासता आली. सोडियमच्या जोडीची तरंगलांबी ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटर आहे, तर ज्वाळांतील रेषेची ५८७.६ नॅनोमीटर. फरक जेमतेम दीड नॅनोमीटरचा. पण वर्णपटाच्या शास्त्रात तेवढा पुरेसा असतो. ही रेषा सोडियमची नव्हती. लॉकियर यांनी तिला 'डी-३' म्हटले.

मग ती कोणाची? रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड फ्रँकलंड यांच्या मदतीने लॉकियर यांनी हायड्रोजनवर निरनिराळ्या परिस्थितीत प्रयोग केले. पण प्रयोगशाळेतील कोणत्याही वायूने ती रेषा दिली नाही. तेव्हा हे अज्ञात मूलद्रव्य असावे, अशी कल्पना पुढे आली आणि सूर्यवाचक 'हेलिऑस' या ग्रीक शब्दावरून हेलियम हे नाव रूढ झाले. धातूंच्या नावांना लागणारा 'इयम' हा प्रत्यय त्याला मिळाला. १८७१ मध्ये विल्यम थॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्विन, यांनी ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात या नावाचा जाहीर उल्लेख केला.

ही रेषा फ्राउनहोफर यांना सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात काळ्या रूपात का दिसली नव्हती, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. हेलियमच्या अणूतील इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जाण्यास फार मोठी ऊर्जा लागते. सूर्याच्या सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअस तापमानाच्या दृश्य पृष्ठभागावर ती पुरेशी मिळत नाही. त्यावरील वर्णगोल नावाच्या पातळ थरात आणि तेथून उसळणाऱ्या ज्वाळांत मात्र मिळते. म्हणून सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे चतुर्थांश भाग हेलियमचा असूनही त्याची खूण सूर्याच्या कडेवर शोधावी लागली.

सत्तावीस वर्षांची प्रतीक्षा

हेलियमची कल्पना सर्वांना पटली नाही. एकाच रेषेवरून मूलद्रव्य मानणे अनेक रसायनशास्त्रज्ञांना धाडसाचे वाटत होते. ही रेषा ओळखीच्याच एखाद्या मूलद्रव्याची, अतितप्त अवस्थेतील असू शकेल, हा आक्षेप त्या काळात अवाजवी नव्हता. जिचा अणुभार माहीत नाही, गुणधर्म माहीत नाहीत, त्या वस्तूला आवर्तसारणीत जागा कोठे देणार?

उत्तर अनपेक्षित ठिकाणाहून आले. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ विल्यम रॅम्से यांनी १८९४ मध्ये लॉर्ड रॅले यांच्यासह अरगॉन वायू शोधला होता. एका युरेनियमयुक्त खनिजापासून अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ विल्यम हिलब्रँड यांना एक निष्क्रिय वायू मिळाला होता. त्यात अरगॉन असेल का, हे पाहण्यासाठी रॅम्से यांनी मार्च १८९५ मध्ये क्लेव्हाइट या खनिजावर आम्लाची क्रिया केली. मिळालेल्या वायूच्या वर्णपटात अरगॉनऐवजी एक झळझळीत पिवळी रेषा दिसली. विल्यम क्रूक्स यांनी तिची जागा मोजली. ती 'डी-३' होती. त्याच वर्षी स्वीडनमधील उप्साला येथे पेर टेओडोर क्लेव्ह आणि नील्स लांगलेट यांनीही स्वतंत्रपणे हा वायू मिळवला आणि त्याचा अणुभार मोजला.

युरेनियमच्या खनिजात सूर्यावरील वायू कसा, याचे स्पष्टीकरण किरणोत्साराचा शोध लागल्यावर मिळाले. युरेनियम आणि थोरियमच्या ऱ्हासात बाहेर पडणारा अल्फा कण म्हणजे हेलियमचे अणुकेंद्रक, हे अर्नेस्ट रदरफर्ड आणि टॉमस रॉइड्स यांनी १९०८-०९ च्या सुमारास प्रयोगाने सिद्ध केले. नैसर्गिक वायूसोबत आज जो हेलियम काढला जातो, तोही याच प्रक्रियेतून खडकांत साठलेला असतो. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांचे चुंबक उणे २६९ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवण्याचे काम हाच वायू द्रवरूपात करतो.

विजयदुर्गाचे खरे स्थान

लॉकियर भारतात प्रथम आले ते १२ डिसेंबर १८७१ च्या ग्रहणासाठी. तेव्हा त्यांचा तळ दक्षिणेकडील बेकल किल्ल्यावर होता. विजयदुर्गाचा योग आला २२ जानेवारी १८९८ रोजी. त्या दिवशीच्या ग्रहणाचा पट्टा कोकणातून दख्खन आणि वऱ्हाडमार्गे उत्तरपूर्वेकडे गेला. मेल्पोमिनी या ब्रिटिश युद्धनौकेवरील नौसैनिकांना सोबत घेऊन लॉकियर यांनी किल्ल्यावर मोठे निरीक्षण केंद्र उभारले. जानेवारीतील निरभ्र आकाशात सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास स्थितीत लोलक बसविलेल्या कॅमेऱ्यांनी वर्णगोलाचे वर्णपट टिपण्यात आले. या निरीक्षणांचा अहवाल लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला.

त्या ग्रहणाच्या निमित्ताने महाराष्ट्राच्या भूमीवर इतरत्रही शास्त्रज्ञ जमले होते. जेऊर येथे पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांचे पथक होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल हेही तेथेच होते. ब्रिटिश हौशी खगोलनिरीक्षकांच्या संस्थेचे पथक वऱ्हाडातील तळणी येथे उतरले होते. नायगमवाला यांची वेधशाळा पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात होती. हेलियमच्या दंतकथेच्या सावलीत हा सारा अस्सल इतिहास झाकला जातो.

लॉकियर यांचे नाव, ग्रहण आणि ओटे या तीन गोष्टी लोकांच्या स्मरणात राहिल्या आणि मधली तीस वर्षे गळून पडली, असे दिसते. वास्तविक ऑगस्टमधील कोकणचा पाऊस लक्षात घेतला, तरी लंडनहून आलेला शास्त्रज्ञ १८६८ च्या निरीक्षणासाठी ही जागा निवडेल का, अशी शंका यायला हवी होती. विजयदुर्गाला उसन्या मोठेपणाची गरज नाही. सूर्याच्या वर्णगोलाचे महत्त्वाचे निरीक्षण तेथून झाले, एवढे त्याचे श्रेय पुरेसे आणि निर्विवाद आहे.

'हेलियमचा शोध कोणी लावला?' या प्रश्नाला एका नावाचे उत्तर अपुरे ठरते. अभ्यासकांनी पुढील टप्पे एकत्र लक्षात ठेवावेत :

१८ ऑगस्ट १८६८ : भारतातून दिसलेले खग्रास ग्रहण, ज्वाळा वायुरूप असल्याचे सिद्ध, पिवळ्या रेषेची नोंद.

१९ ऑगस्ट १८६८ : गुंटूर येथे जान्सेन यांचे ग्रहणाविना ज्वाळांचे निरीक्षण.

२० ऑक्टोबर १८६८ : लंडन येथे लॉकियर यांचे स्वतंत्र निरीक्षण, त्यानंतर पिवळी रेषा सोडियमची नसल्याचा निष्कर्ष.

१८७१ : हेलियम या नावाचा जाहीर उल्लेख.

१८९५ : रॅम्से, तसेच क्लेव्ह व लांगलेट यांच्याकडून पृथ्वीवर हेलियमची प्राप्ती.

२२ जानेवारी १८९८ : विजयदुर्ग येथे लॉकियर यांची ग्रहण मोहीम.