शस्त्र की व्यायाम? : गुडघ्याच्या एका वादाचा इतिहास

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते व तीत कुस्त्यांचा फड रंगतो. जिंकणाऱ्या मल्लाला लोक खांद्यावर घेतात, त्याचे नाव गावोगाव होते. परंतु त्याच फडातून जो गडी गुडघा धरून बाहेर पडतो, त्याची पुढे काय गत झाली, हे त्याच्या घरापलीकडे फारसे कोणाला कळत नाही. आज आम्ही ज्या विषयाकडे श्रोत्यांचे लक्ष वेधू इच्छितो, तो या दुसऱ्या गड्याचा आहे. त्याच्या गुडघ्यातील बंध तुटला; आता शस्त्र लावावयाचे की व्यायामाने गुडघा सावरावयाचा? नांदेड वा लातूर येथील दवाखान्यात पाळीची वाट पाहत बसलेल्या तरुणाला हा प्रश्न अगदी नवा वाटतो. वस्तुतः हा वाद पावणेदोनशे वर्षांचा जुना आहे, आणि त्याचा इतिहास ठाऊक असेल तर निर्णय करणे पुष्कळ सोपे जाते, असे आमचे मत आहे.

प्रथम एका शब्दाचा उलगडा केला पाहिजे. आजच्या मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी. सुश्रुताच्या ग्रंथात मात्र स्नायू म्हणजे बांधणारी दोरी. फळ्या दोरांनी घट्ट आवळल्या म्हणजे नाव जशी माणसांचा भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे शरीर भार पेलते, असा त्याचा दृष्टान्त आहे. अशा नऊशे स्नायूंची त्याने गणना केली, आणि हाड, पेशी, शीर किंवा सांधा यांच्या इजेपेक्षा स्नायूची इजा अधिक घातक, असे बजावले. गुडघ्याला त्याने ‘जानु’ मर्म म्हटले व त्याची गणना वैकल्यकर मर्मांत केली. म्हणजे येथे आघात झाल्यास माणूस मरत नाही, लंगडा होतो.

आज दवाखान्यात आणि तालमीत सगळेच ज्याला ‘लिगामेंट’ म्हणतात, तो हाच बंध. गुडघ्याच्या आत असे दोन बंध फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. त्यांपैकी पुढचा बंध नडगीच्या हाडाला पुढे सरकू देत नाही, आणि पाय रोवून अंग वळविताना गुडघा स्थिर ठेवतो. कुस्तीत डाव मारताना, कबड्डीत चढाई करणाऱ्याने एकदम वळताना तो तुटतो. आतून आवाज येतो, काही तासांत गुडघा सुजतो. सूज ओसरली की गडी चालू लागतो आणि आपण बरे झालो असे समजतो. मग एके दिवशी साधे वळताना गुडघा निसटतो.

युरोपात १८३६ साली जर्मनीतील वेबर बंधूंनी या बंधांच्या कार्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८४५ साली फ्रान्समधील ल्यों येथील शस्त्रवैद्य आमेदे बॉने याने तो आवाज व सांध्यात साठणारे रक्त या खुणा नोंदविल्या, आणि सांधा फार दिवस जखडून ठेवणे अपायकारक आहे, असेही सांगितले. म्हणजे हालचालीचा पक्ष शस्त्राच्या पक्षापेक्षा पन्नास वर्षांनी वडील आहे! तुटलेले बंध प्रथम शिवले ते इंग्लंडमधील लीड्स येथे मेयो रॉब्सन याने, १८९५ साली. रोगी खाणकामगार होता. १९०३ साली रॉब्सनने हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हा तो पुन्हा खाणीत राबत होता. येथून वादाला तोंड फुटले. १९१६ साली, पहिल्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, रॉबर्ट जोन्स या ब्रिटनमधील मान्यवर अस्थिशल्यज्ञाने बंध शिवणे व्यर्थ असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगितले. निसर्ग जे व्रण-ऊतक निर्माण करील तेच खरे. दुसऱ्याच वर्षी ब्रिस्टलच्या हे ग्रोव्हज याने मांडीच्या बाहेरील पट्टीचा तुकडा गुडघ्यातून ओवून नवा बंधच घडविला. दोघेही आपापल्या शास्त्रात निष्णात, दोघांच्याही समोर जायबंदी माणसे. आणि निष्कर्ष मात्र उलटे.

पुढील अर्धशतकात पारडे शस्त्राकडे झुकत गेले. स्टॉकहोमच्या इव्हार पामरने १९३८ साली लवकर शिवण्याचा आग्रह धरला. अमेरिकेत ओडोनह्यू याने १९५० साली खेळाडूंच्या बाबतीत तोच पक्ष मांडला. परंतु १९७६ साली वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यार्थ्यांचा पाच वर्षांनंतरचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला, आणि नुसते शिवलेले बंध टिकत नाहीत, हे उघड झाले. मग शिवण्याऐवजी कंडरेचा तुकडा बसविण्याची रीत रूढ झाली. गुडघ्याच्या वाटीखालील कंडरा वापरण्याची केनेथ जोन्सची पद्धत १९६३ सालची आहे. टोकियोच्या ताकागीने १९१८ साली गुडघ्यात दुर्बीण घालून पाहिली होती. तिची सुधारून वाढलेली आवृत्ती हाती आल्यावर मोठा छेद घेण्याचे कारण उरले नाही. आज लोक ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ म्हणतात ते हेच.

व्यायामाच्या पक्षाचा इतिहास मात्र कोणी एवढ्या कौतुकाने सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ साली, अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म याने क्रमाक्रमाने वजन वाढवीत मांडी बळकट करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्लॅस्टरमध्ये वाळून गेलेल्या मांड्या तिने पुन्हा भरू लागल्या. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५३ साली फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले, आणि १९५५ साली हाजी अली येथे पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. पोलिओने अधू झालेल्या मुलांनी या शास्त्राची निकड त्या काळी समाजाला पटविली होती.

हे सर्व घडत असता मराठवाड्यात काय होते? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी राजवटीत होता, आणि मोठ्या उपचारासाठी नांदेडकराची वाट हैदराबादकडे जाई. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ साली आली; १९२७ साली तो मार्ग मिरजेस भिडला, तेव्हा तेथील मिशन रुग्णालयापर्यंत गाडीने पोचणे शक्य झाले. परंतु जीव जात नाही, नुसता लंगडतो, एवढ्यासाठी असा प्रवास किती जणांना परवडणार? त्याच्या वाट्याला हाडवैद्य आणि वस्ताद. वस्तादाची मालीश आणि हळूहळू वाढविलेल्या बैठका यांत शहाणपणाचा अंश खचित होता. पण सुजलेला गुडघा ओढून ताणणे, किंवा निसटणाऱ्या गुडघ्यावर पुन्हा फडात उतरविणे, यांनी आतील गादी फाटून कायमचे नुकसान होते, हेही तितकेच खरे. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळविणाऱ्या खाशाबा जाधवांसारख्या मल्लालाही गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकपासून दूर ठेवले; मग गावच्या मल्लाची कथा काय?

आता परिस्थिती पालटली आहे. औरंगाबादला १९५६ साली, अंबाजोगाईला १९७४ साली, नांदेडला १९८८ साली व लातूरला २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. शस्त्र जवळ आले, आणि त्याबरोबर निवड करण्याची जबाबदारीही आली.

सुदैवाने या निवडीसाठी आता मतांखेरीज पुरावाही आहे. स्वीडनमध्ये १२१ तरुणांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले : एका गटावर लवकर शस्त्रक्रिया, दुसऱ्याला आधी व्यायाम व गरज पडल्यास पुढे शस्त्रक्रिया. २०१० साली दोन वर्षांचा व २०१३ साली पाच वर्षांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. रोग्यांनी सांगितलेल्या गुणात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, आणि व्यायामाच्या ५९ जणांपैकी २९ जणांना पाच वर्षांतही नवा बंध बसवावा लागला नाही. नेदरलँड्समधील १६७ जणांच्या २०२१ च्या अभ्यासातही व्यायामाच्या गटातील निम्मे लोक शस्त्रक्रियेवाचून राहिले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांचा गुण किंचित अधिक, पण तो फरक लहान होता. येथे कोणी म्हणेल, मग शस्त्र कशाला? त्याचे उत्तर ब्रिटनमधील ३१६ जणांच्या २०२२ च्या अभ्यासाने दिले आहे. ज्यांची इजा जुनी होती व गुडघा निसटतच होता, त्यांना शस्त्रक्रियेने अधिक गुण आला.

मात्र स्वीडनच्या अभ्यासात धंदेवाईक खेळाडू नव्हते, हे मल्लाने विसरू नये. ज्याला पुन्हा फडात उतरावयाचे आहे त्याचा गुडघा आणि ज्याला दुकानात बसावयाचे आहे त्याचा गुडघा, यांना एकच माप लावता येत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना तीन प्रश्न बरोबर न्यावेत. रोजच्या कामात गुडघा निसटतो काय? बंधाबरोबर गादी किंवा दुसरे बंधही फाटले आहेत काय? आणि पुढे कोणत्या कामावर परतावयाचे आहे? गुडघा अडकून बसला असेल, किंवा गादी शिवण्याजोगी फाटली असेल, तर शस्त्रक्रियेस विलंब लावू नये. एरवी प्रथम सूज उतरविणे, पाय पूर्ण सरळ होऊ देणे व मांडी भरून काढणे यांत गेलेले आठवडे वाया जात नाहीत; पुढे शस्त्रक्रिया झालीच तर तीही याच पायावर उभी राहते.

आमच्या मते या इतिहासाचा मुख्य बोध असा की, ‘शस्त्र की व्यायाम’ हा प्रश्नच अर्धा आहे. व्यायाम दोन्ही वाटांवर आहे; शस्त्र एकाच वाटेवर. शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूंनी नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरू नये, कारण तोवर प्रत्येक महिन्याच्या धीराने पुन्हा इजा होण्याचा धोका घटतो, असे नॉर्वेतील २०१६ च्या अभ्यासात दिसले. परंतु शस्त्रक्रियेला एक दिवस पुरतो, तिची तारीख ठरते, तिच्यासाठी घरचे लोक कर्जही काढतात. व्यायामाला महिने लागतात. किनवटकडचा शेतमजूर किंवा उदगीरकडचा ऊसतोड कामगार आठवड्यातून दोनदा मजुरी बुडवून, एस. टी. चे भाडे भरून शहरात कसा येणार? तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात येणे थांबवितो, आणि मग उत्तम केलेली शस्त्रक्रियाही कमी पडते. तेव्हा रोग्याने शस्त्रक्रियेचा खर्च विचारताना पुढील नऊ महिन्यांचा हिशेबही विचारावा. डॉक्टरांनी घरी करावयाचा व्यायाम कागदावर लिहून, करून घेऊन, मगच रोग्याला निरोप द्यावा. आणि तालमींनी आपल्या वस्तादांना हे शास्त्र शिकवून घ्यावे. माळेगावच्या फडातून लंगडत बाहेर पडणाऱ्या गड्याला एवढे मिळाले, तर त्याचा निर्णय शस्त्राचा असो वा व्यायामाचा, तो त्याला पेलेल.