आधी वेलांटी की आधी अक्षर?

चिंचणी हे तारापूरच्या शेजारचे गाव. टंकलेखनयंत्रावर हे नाव उमटवताना पहिली कळ पहिल्या वेलांटीची दाबावी लागे, च मागून येई. यंत्राची गाडी डावीकडे सरकत जाते, म्हणून जे डावीकडे दिसते ते आधी उमटले पाहिजे. 1986 साली संगणकासाठी ठरलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकाने हा क्रम उलटवला: आपण बोलतो तसा आधी च, मग वेलांटी. कारकुनांनी इनस्क्रिप्ट टाळले ते आळसाने, असे सर्रास म्हणतात. हा आरोप मला अन्यायाचा वाटतो. मिनिटाला 30 किंवा 40 शब्दांची सरकारी परीक्षा ज्यांनी जुन्या कळफलकावर दिली, त्यांना नुसत्या कळांच्या जागा विसरायच्या नव्हत्या. अक्षर घडवण्याचा क्रमच बदलायचा होता. हाताने लिहितानाही आपल्यापैकी अनेकजण वेलांटी आधीच काढतात.

यावर कोणी म्हणेल, त्या हट्टापायीच मराठी मजकूर वर्षानुवर्षे शोधता येईना. पण ते नुकसान कळफलकाने केले नाही, फॉण्टने केले. युनिकोड रुळण्यापूर्वीचे बरेच फॉण्ट इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर मराठी आकार चढवत. पडद्यावर चिंचणी दिसे, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हे साठत. दुसऱ्या संगणकावर तो फॉण्ट नसला की सगळा कचरा. युनिकोडमध्ये टंकलेखनयंत्राची जुनी रेमिंग्टन मांडणीही चालते: बोट वेलांटी आधी दाबते, संगणक ती च नंतर साठवतो. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून चिंचणीचा पालघर जिल्हा निघाला तोवर हा मार्ग खुला झाला होता. अनुभवी हातांना जुनी मांडणी ठेवू द्यावी आणि नवशिक्यांना इनस्क्रिप्ट शिकवावे, हेच शहाणपणाचे होते.

आता रोमनमधून लिहिता येते, मग नवशिक्याने तरी इनस्क्रिप्ट का शिकावे? याचे उत्तर तारापूर या नावातच आहे. 1969 पासून चालणाऱ्या तिथल्या अणुवीज केंद्राचे नाव हिंदीत ‘तारापुर’ असे लिहितात, मराठीत पू दीर्घ. रोमन स्पेलिंग दोन्हींना एकच. निवड यंत्र सुचवते आणि घाईत पहिली सूचना स्वीकारली जाते. इनस्क्रिप्टमध्ये प उजव्या हाताचा आणि दोन्ही उकार डाव्या तर्जनीचे: पहिला मधल्या ओळीत, दुसरा वरच्या. बोट वर न्यायचे की नाही, हे लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते.