संहिता आणि स्थळ : इजेरियाचे यात्रावृत्त

ख्रिस्ती तीर्थयात्रेच्या इतिहासात स्थळ आधी की संहिता आधी, हा प्रश्न श्रद्धेइतकाच वाचनाचाही आहे. इ. स. ३३३ मध्ये बोर्दोहून यरुशलेमला गेलेल्या अनामिक यात्रेकरूचे वृत्त बव्हंशी मुक्कामांची व अंतरांची यादी आहे. सुमारे अर्ध्या शतकानंतर, ३८१ ते ३८४ या काळात प्रवास केलेल्या इजेरियाच्या वृत्तात मात्र यात्रेला वाचनविधीचे रूप आलेले दिसते. सीनाय पर्वताच्या शिखरावर तिच्या समूहासमोर मोशेच्या ग्रंथातील भाग त्या जागीच वाचला जातो; नंतर तेथील संन्यासी एकेक स्थळ दाखवितात.

मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९४१ मध्ये पवित्र भूगोलाला समूहस्मृतीची रचना मानले. इजेरियाच्या वृत्ताला ही उपपत्ती लागू पडते, परंतु ते तिच्यात पूर्णतः सामावत नाही. सरळ उभ्या चढणीचे पायी सोसलेले कष्ट त्यात नोंदलेले आहेत. शिवाय संहितेला स्थळाशी जोडण्यासाठी स्थानिक संन्याशांची वाणी लागते. केवळ ग्रंथ पुरत नाही. म्हणूनच या भूमीला निव्वळ ग्रंथाची प्रतिमा मानणारे वाचन तेथील माणसांना पुसून टाकते.

हे वृत्त दूर राहिलेल्या भगिनींना उद्देशून आहे. १८८४ मध्ये इटलीतील आरेत्सो येथे सापडलेल्या अकराव्या शतकातील हस्तलिखितात त्याचा आरंभ व शेवट नाही. स्थळ न पाहिलेल्या वाचकासाठी लिहिलेले हे वृत्त अशा रीतीने स्वतःच अपूर्ण संहिता होऊन उरले आहे.