महासीर आणि त्याचे परदेशी शिकारी

इंग्लंडमध्ये कार्प हा तळ्यातला मासा समजला जातो. मध्ययुगात मठवासीयांनी आणि सरदारांनी तो आपल्या तळ्यांत पाळला आणि उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असल्याने त्याला ताटात मानाचे स्थान दिले. संथ पाणी व चिखलाचा तळ हे त्याचे घर, आणि स्वभावाने तो आळशी, असा त्याचा लौकिक होता. हिंदुस्थानच्या खळाळत्या नद्यांत याच कुळातला एक मासा माणसाएवढ्या वजनाचा होतो, आणि गळाला लागला की शंभर वार दोरी एका दमात ओढून नेतो, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातील इंग्रजाला म्हणूनच सहजासहजी पटण्यासारखी नव्हती. पण ज्यांना ती एकदा पटली, त्यांनी या माशासाठी समुद्र ओलांडले. हा मासा म्हणजे महासीर. त्याच्या शिकारीचा इतिहास हा एका छंदाचा इतिहास आहेच; पण कीर्ती आणि ज्ञान या दोन गोष्टी किती भिन्न असू शकतात, याचेही ते एक बोलके उदाहरण आहे.

महासीर हा रोहू-कटला यांच्याच कुळातला. त्याच्या जबड्यात दात नसतात. ते घशात असतात, आणि त्यांनी तो खेकडे-शिंपल्यांचा सहज चुरा करतो. अंगावर मोठमोठे खवले, जाड ओठ, भक्कम शेपटी, आणि वेगवान प्रवाहाची ओढ. पावसाळ्यात नद्या भरल्या की तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि वाळू-गोट्यांच्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या नद्यांपर्यंत त्याच्या अनेक जाती आढळतात. या जाती एकमेकींहून नेमक्या कशा वेगळ्या, हा प्रश्न मात्र शास्त्रज्ञांना दीर्घकाळ सुटला नाही.

गळाने मासे धरण्याचा विनोद साहेबाने या देशाला शिकवला, असे समजण्याचे कारण नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, त्यांना घालायचे आमिष, गळ आणि दोरी यांचा त्यात पद्धतशीर विचार केलेला आहे. फरक एवढाच, की सोमेश्वराचा मत्स्यविनोद स्वदेशीच्या पाण्यावर होता, तर साहेबाचा विनोद पाच-सहा हजार मैलांचा प्रवास करून आलेला होता.

महासीरची शास्त्रीय नोंद प्रथम केली ती शिकाऱ्यांनी नव्हे, तर कंपनी सरकारच्या अभ्यासू नोकरांनी. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन या डॉक्टराने १८२२ साली गंगेच्या खोऱ्यातील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि त्यात महासीरच्या जातींची वर्णने दिली. त्यानंतर १८३९ साली कर्नल साईक्स याने दख्खनमधील माशांचे वर्णन केले. पुण्याच्या मुळा-मुठेत मिळालेल्या महासीरच्या एका जातीला त्याने ‘खुद्री’ हे येथल्याच बोलीतले नाव कायम केले. पुण्याच्या नदीतला हा मासा पुढे कावेरीच्या कथेत शिरणार होता. पण त्याला अजून बराच अवकाश होता.

शिकाऱ्यांच्या जगात महासीरला प्रतिष्ठा मिळवून देणारा माणूस म्हणजे हेन्री सलिव्हन टॉमस. हा मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी. दक्षिण कानडा जिल्ह्यात त्याने कलेक्टरचे काम केले. १८७३ साली मंगळूरला त्याचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक छापले गेले आणि त्याच्या पुढे आणखी आवृत्त्या निघाल्या. स्कॉटलंडच्या सामन माशाला शिकारी लोक माशांचा राजा मानीत. महासीर हा वजनाच्या मानाने सामनपेक्षाही अधिक झुंज देतो, असे प्रतिपादन टॉमसने केले. मायदेशी सामनच्या उत्तम नद्या जमीनदारांच्या मालकीच्या. तेथे सामान्य घरच्या तरुणाला गळ टाकण्याची मुभा क्वचितच मिळे. हिंदुस्थानात मात्र त्याच तरुणाला, हातात सरकारी नेमणूक असली की, बहुतेक नद्या मोकळ्या होत्या. १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाल्यामुळे प्रवासाचे दिवसही कमी झाले होते. अशा वेळी टॉमसचे पुस्तक निघाले, आणि बोटीवर चढणाऱ्या अधिकाऱ्यांच्या सामानात बंदुकीशेजारी गळाच्या काठ्याही दिसू लागल्या.

पुढच्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत या छंदाची ठिकाणे ठरून गेली. उत्तरेत झेलम आणि पूंछ या नद्यांच्या संगमावरील तांग्रोत, कुमाऊँ-गढवालमधील रामगंगा आणि गंगेच्या उपनद्या. दक्षिणेत कावेरी आणि तिची उपनदी कबिनी. रजेचे दिवस या काठांवर तंबूत घालवण्याची रीत पडली. जिम कॉर्बेटसारख्या वाघांच्या शिकाऱ्यालाही या माशाचा मोह सुटला नाही. १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कुमाऊँच्या नरभक्षकांवरील पुस्तकात एक प्रकरण महासीरच्या शिकारीवर आहे. सर्वांत मोठे मासे मात्र दक्षिणेत मिळाले. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंजन या प्रसिद्ध घराण्यातील एकाने कबिनीत १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे साडेचोपन्न किलो वजनाचा महासीर काढला. मेलेल्या वाघ-बिबळ्यांत भुसा भरून त्यांना सजीव रूप देण्याची कला हा या घराण्याचा व्यवसाय होता. हा उच्चांक शिकाऱ्यांच्या बोलण्यात अनेक दशके राहिला.

या छंदाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नदीकाठच्या कोळ्याला महासीर म्हणजे घरातले अन्न आणि बाजारातले चार पैसे. साहेबाला तो केवळ करमणूक. मासे कमी होऊ लागले, तेव्हा साहेबाचे बोट प्रथम कोळ्याच्या बारीक विणीच्या जाळ्याकडे वळले. धरणे आणि कालवे यांनी माशांचा वर चढण्याचा मार्ग अडवला होता, त्याची चर्चा त्या मानाने सौम्य होती. तरीही टॉमस आणि फ्रान्सिस डे यांच्यासारख्यांनी मत्स्यरक्षणासाठी जे अहवाल लिहिले, त्यांना फळ आले हे मान्य केले पाहिजे. १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने पाण्यात सुरुंग उडवून किंवा विष कालवून मासे मारणे गुन्हा ठरवले. या देशात श्रद्धेने राखलेले डोह त्याआधीपासून होतेच. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर किंवा महाडजवळच्या वाळणकोंडात माशांना कोणी हात लावीत नाही; तेथे कायद्याचे काम भक्तीने केले. ज्यांच्यावर दोषारोप झाला, त्याच लोकांनी हे डोह राखले होते.

१९४७ नंतर बहुतेक इंग्रज परत गेले आणि गळाच्या काठ्याही त्यांच्याबरोबर गेल्या. तांग्रोतचा संगम १९६७ साली पूर्ण झालेल्या मंगला धरणाच्या जलाशयाखाली गेला. कावेरीतला राक्षसी महासीर सुरुंगांनी आणि विषाने संपला, असा समज विलायतेत पसरला. १९७७-७८ मध्ये काही तरुण इंग्रज त्या समजाची परीक्षा घेण्यासाठी कावेरीवर आले आणि त्यांना मासे मिळाले. त्यानंतर पुन्हा रीघ लागली. भीमेश्वरी, गालीबोर, दोड्डमकळी येथे छावण्या उभ्या राहिल्या. या वेळी नियम निराळा होता. मासा काढावा, वजन करावे, छायाचित्र घ्यावे आणि त्याला जिवंत पाण्यात सोडावे. आमिषही अगदी देशी: शिजवलेल्या नाचणीच्या पिठाचा गोळा. पूर्वी चोरून मासे मारणाऱ्या काही गावकऱ्यांना या छावण्यांत वाटाड्याचे आणि रखवालदाराचे काम मिळाले. मासा मेल्यापेक्षा जिवंत राहिला तर अधिक उत्पन्न देतो, हा अनुभव काठावरच्या गावांना नवा होता.

याच काळात कथेत पुण्याचा मासा आला. टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला महासीरच्या कृत्रिम पैदाशीचे काम हाती घेतले होते. हेतू सर्वस्वी स्तुत्य होता: धरणांमुळे घटलेल्या माशांची भरपाई करावी. तेथे वाढवलेली ‘खुद्री’ची, म्हणजे निळ्या परांच्या महासीरची, पिले देशातील अनेक राज्यांना पुरवली गेली आणि १९७० च्या दशकापासून ती कावेरीतही सोडण्यात आली. महासीर तो महासीर, अशीच त्या वेळी सर्वांची समजूत होती. कावेरीचा मूळचा महासीर मात्र वेगळा होता. त्याच्या पाठीवर डोक्यामागे ठळक उंचवटा असतो आणि परांवर नारिंगी झाक असते. जगातले मोठे उच्चांक याच माशाचे होते. पण त्याचे वजन पौंड-औंसांत लिहून ठेवणाऱ्यांपैकी कोणी त्याचा नमुना शास्त्राच्या स्वाधीन केला नव्हता. त्यामुळे दीडशे वर्षे ज्याची ख्याती गाजली, त्याला शास्त्रात निश्चित नाव नव्हते. आणि ज्याला नाव नाही, त्याला कायद्याचे संरक्षण कोणत्या शीर्षाखाली द्यावे?

पुढे काय घडले, ते शिकाऱ्यांच्याच वह्यांनी सांगितले. गालीबोरच्या छावणीत १९९८ ते २०१२ या काळात मिळालेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या होत्या. अभयारण्यातील गळाची मासेमारी बंद झाल्यावर छावणीचे काम थांबले, पण वह्या उरल्या. शास्त्रज्ञांनी त्या तपासून २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकूण मासे वाढत होते, परंतु ती वाढ निळ्या परांच्या पाहुण्याची होती; उंच पाठीचा मूळ रहिवासी वर्षागणिक दुर्मिळ होत चालला होता. केवळ बेरीज पाहणाऱ्याला नदी समृद्ध दिसली असती. अखेर २०१८ साली मोयार नदीत मिळालेल्या नमुन्यांवरून शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, हा मासा म्हणजे केरळातील पांबार नदीतून पूर्वीच वर्णिलेली ‘टोर रेमादेवी’ ही जात होय. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत तिचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत झाला. नाव मिळाले तेव्हा नावाचा धनी नष्ट होण्याच्या कड्यावर उभा होता.

या इतिहासात कोणा एकाला अपराधी ठरवणे सोपे नाही. टॉमसच्या लेखणीने महासीरला जगात नेले. शिकाऱ्यांच्या पैशाने काही काळ काठावर पहारा राहिला. लोणावळ्याच्या तळ्यांनी पुण्याच्या माशाला जीवदान दिले. उणीव राहिली ती ओळखीची. दूरदेशीच्या माणसाने मासा किती मोठा आहे हे विचारले, सरकारने मासे किती आहेत हे विचारले. हा मासा कोणता, हा साधा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. संरक्षणाच्या कोणत्याही योजनेत तो प्रश्न पहिला असावा, एवढा धडा कावेरीच्या पाण्याने दिला आहे. मोयारसारख्या उपनद्यांत अजून तग धरून असलेले थोडे मासे वाचले, तर तो धडा वेळेवर मिळाला असे म्हणता येईल.