चित्तविकृतीतील मेंदू-प्रतिमाकरण

चित्तविकृतीच्या प्रारंभावस्थेतील मेंदूच्या रचनेचा व कार्याचा प्रतिमांच्या साहाय्याने केलेला अभ्यास. निर्वस्तुभ्रम, संभ्रम व विचारांची विस्कळितता ही या अवस्थेची प्रमुख लक्षणे होत.

छिन्नमानस हा मेंदूचा विकार असावा, असे एमील क्रेपेलीन मानीत; परंतु जिवंत रुग्णाचा मेंदू पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते. १९२७ मध्ये याकोबी व विंक्लर यांनी मस्तिष्कविवरांत हवा भरून क्ष-किरण छायाचित्रे घेतली. ती पद्धती वेदनादायक होती. पुढे संगणकीय छेदचित्रणाच्या साहाय्याने ईव्ह जॉन्स्टन, टिमथी क्रो व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये १७ जुनाट रुग्णांची मस्तिष्कविवरे निरोगी व्यक्तींहून मोठी असल्याचे दाखविले. हा बदल आजाराचा की दीर्घ उपचारांचा, हा प्रश्न उरल्याने नव्या रुग्णांची तपासणी आवश्यक ठरली. २००३ मध्ये पँटेलिस व सहकाऱ्यांना, जोखमीच्या व्यक्तींपैकी पुढे आजारी पडलेल्यांत मेंदूच्या काही भागांतील करडे द्रव्य आजारापूर्वीच कमी आढळले.

हे फरक सरासरीचे असल्याने केवळ प्रतिमेवरून निदान होत नाही. मेंदूतील गाठ वा मस्तिष्कशोथ वगळण्यास मात्र ती उपयोगी पडते.

बाहेरची बाधा किंवा आईचे सदोष संगोपन यांवर दोष ठेवण्याच्या प्रवृत्तीला या संशोधनाने छेद दिला. पुण्यात जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये स्थापन झालेली स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था आणि देवराई (२००४) हा चित्रपट यांनी हा विचार मराठी कुटुंबांपर्यंत नेला.