भोंगा, कर्णा आणि दहा बाय बाराची खोली

महाराष्ट्रात ‘भोंगा’ म्हटलं की आता लोकांना आधी मशिदीचा मिनार आठवतो. २०२२च्या एप्रिल-मे महिन्यांत त्यावरून राजकारण चांगलंच तापलं. त्याआधी ऑगस्ट २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, लाऊडस्पीकर हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असा निकाल दिला. त्या वेळी न्यायालयापुढे असलेल्या याचिकांपैकी एक नवी मुंबईतल्या मशिदींबद्दलची होती, तर एक उत्सवांच्या मंडपांबद्दलची. निकाल सगळ्यांनाच लागू आहे आणि मला तो मान्य आहे. हजरत बिलाल (र.) यांच्याकडे अजान सोपवली गेली ती त्यांचा आवाज पाहून. तेव्हा यंत्र नव्हतंच.

पण या भांडणात लाऊडस्पीकरचा दुसरा इतिहास आपण विसरलो. आमच्या नवी मुंबईतले काही स्नेही हल्ली चांगले, लाखाच्या घरातले स्पीकर घ्यायचं म्हणतात आणि सल्ला विचारतात. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: सगळ्यात मोठा, दणदणीत कुठला? त्यांना उत्तर देताना मला मिरजेपर्यंत मागे जावं लागतं.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर उतरवलं गेलं, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचं. त्या हवेच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. हळू गाणाऱ्याला तिथे जागा नव्हती. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या १९०५च्या सुमाराच्या तबकड्या याच पद्धतीच्या आहेत.

१९२५ हे वर्ष कलाटणीचं ठरलं. मायक्रोफोनवर विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी नव्या स्पीकरची रचना मांडली. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्याला चिकटलेला कागदी शंकू. आजचे बहुतेक स्पीकर, पाचशे रुपयांचा असो की पाच लाखांचा, याच तत्त्वावर चालतात. नाव ‘लाऊड’ असलं तरी या जोडीने खरी किमया केली ती हळू आवाजाची. कुजबूजसुद्धा तबकडीवर उतरू लागली.

खाँसाहेबांनी १९३०च्या दशकात ओडियन कंपनीसाठी ज्या तबकड्या दिल्या, त्या या नव्या तंत्राच्या. त्यातली झिंझोटी ठुमरी किंवा जोगिया ऐका. आवाज बारीक, टोकदार, कुठेही जोर नाही. १९३७मध्ये ते गेले आणि मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांचं दफन झालं. तिथल्या उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते, हिंदू-मुसलमान गवई दर्ग्यासमोर हजेरी लावतात. शेजारच्या कोल्हापूरचे उस्ताद अल्लादिया खाँ १९४६पर्यंत हयात होते, पण त्यांच्या आवाजाची एकही तबकडी उपलब्ध नाही. त्यांना आपण केसरबाई केरकरांसारख्या शिष्यांच्या गळ्यातून ओळखतो. एक उस्ताद आपल्या खोलीत गाऊ शकतो, दुसरा कधीच गाणार नाही. म्हणून जे उरलंय, ते नीट ऐकू येईल असा स्पीकर निवडणं मला चैनीपेक्षा वारशाची बाब वाटते.

आता खोलीकडे येऊ. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवं शहर उभं राहू लागलं. त्यातल्या कितीतरी घरांत ऐकण्यासाठी मिळणारी खोली दहा बाय बारा फुटांची, उंची नऊ फूट. अशा खोलीचा स्वतःचा एक आवाज असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ठरावीक कंपनसंख्येचा सूर अडकतो आणि फुगतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. त्याला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागलं की तो आकडा मिळतो. दहा फुटांना तो साधारण ५६ हर्ट्झ येतो, बारा फुटांना ४७, नऊ फुटांना ६२. तिन्ही एकाच टापूत. मोठ्या स्पीकरचा मोठा वूफर नेमका इथेच जोर लावतो. मग तबल्याचा डग्गा घुमत राहतो आणि त्याखाली तानपुरा बुडतो. पैसे जास्त मोजून माणूस कमी ऐकतो.

हीच अडचण १९७०च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांपुढे होती. बाहेरच्या कार्यक्रमांचं प्रक्षेपण करणाऱ्या गाडीत इवलीशी खोली आणि तिथे आवाज पारखायचा. त्यांनी ‘एलएस३/५ए’ नावाचा स्पीकर तयार केला: उंची फक्त ३० सेंटिमीटर, पाच इंची शंकू, बंद पेटी. खोल खर्ज त्यांनी मुद्दाम सोडून दिला आणि सगळं लक्ष माणसाच्या आवाजावर ठेवलं. बीबीसीने परवाना दिलेल्या रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा कंपन्यांनी तो बनवला. आजही त्या जातीच्या जोडीला लाखांत किंमत मिळते. त्याला मर्यादा आहे: फार मोठा आवाज त्याला पेलत नाही. पण दहा बाय बाराच्या खोलीत तो मागायचाच कशाला? शिवाय जुन्या तबकड्यांवर खोल खर्ज फारसा उतरलेलाच नाही. तिथे वूफर मोठा घेऊन काय ऐकणार?

तेव्हा माझा सल्ला असा. छोटा, शक्यतो बंद पेटीचा स्पीकर घ्या. मागे भोक असलेला असेल, तर भिंतीपासून दोन फूट तरी पुढे ठेवा. दोन स्पीकर आणि तुमची बैठक यांचा समभुज त्रिकोण करा. कोपऱ्यात ठेवू नका, कोपरा घुमारा वाढवतो. फरशीवर गालिचा, बाजूच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट. एवढं केलं की निम्म्या किमतीचा स्पीकरही दुप्पट किमतीच्याला मागे टाकू शकतो.

आणि शेजारी आहेतच. निवासी भागासाठी कायद्याने दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. भोंग्यावरून आपण एकमेकांना हेच आकडे दाखवतो. ते आपल्या भिंतीच्या आतही पाळले पाहिजेत.

दुकानात गेलात की विक्रेता आवाज वाढवून दाखवेल. त्याला तो कमी करायला सांगा, अगदी दोन माणसं बोलतात तितका. खाँसाहेबांची ठुमरी लावा. त्या आवाजातही मागचा तानपुरा वेगळा ऐकू आला आणि दोन ओळींमधला खाँसाहेबांचा श्वास कळला, तर ती जोडी घरी आणायला हरकत नाही.