लायसन : रेडिओचं आणि टीव्हीचं

मंडळी, या मालेत आपण एरवी मोठे विषय घेतो. मुक्तिसंग्राम झाला, भाषावार प्रांतरचना झाली, बहात्तरचा दुष्काळ झाला. आज एक पुस्तिका घेऊ, खिशात मावेल एवढी. साठीच्या पुढच्यांना ती लगेच आठवेल. घरात रेडिओ असला की ही पुस्तिका असायचीच. तिच्यात रेडिओ कोणत्या कंपनीचा, त्याचा नंबर काय, मालक कोण, हे लिहिलेलं असे. दरवर्षी पोस्टात जायचं, पंधरा रुपये भरायचे, तिकीट चिकटवून वर शिक्का मारून घ्यायचा. उशीर झाला तर वर दंड. टीव्ही आला तेव्हा त्याचे पन्नास रुपये. आमच्या वडिलांच्या पिढीनं ही पुस्तिका जमिनीच्या कागदांसोबत ट्रंकेत ठेवली. यावरून तिचा धाक किती होता ते समजा.

हा धाक आला कुठून? मुंबईचं रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन उद्घाटनाला होते. चालवणारी कंपनी खाजगी, इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी. वर्षाला दहा रुपये लायसन, त्यातला बहुतेक वाटा कंपनीला. हिशेब कागदावर छान होता. पण तीन वर्षांत देशभरात मिळून आठ हजारसुद्धा लायसनं झाली नाहीत. संच थोडे होते हे खरं, पण ज्यांच्याकडे होते त्यांतलेही बरेचजण लायसनाशिवाय ऐकत. १९३० साली कंपनी बुडाली आणि सरकारनं ते काम हातात घेतलं.

मग १९३३चा भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा आला. त्याची भाषा बारकाईनं पाहण्यासारखी आहे. गुन्हा कशाचा? ऐकण्याचा नाही. परवान्याशिवाय यंत्र जवळ बाळगण्याचा. पहिल्या गुन्ह्याला शंभर रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडला तर अडीचशेपर्यंत. अधिकार दिलेल्या अंमलदाराला इमारतीची झडती घेता येई. आणि मेख पुढेच आहे. यंत्र तुमच्या ताब्यातल्या जागेत सापडलं, तर ते तुमच्याजवळ होतं असं न्यायालयाला गृहीत धरता येई. ‘पाहुण्याचा आहे साहेब, उद्या नेणार आहे’ हे उत्तर आपल्याकडे फार चालायचं. ते उत्तर कायद्यानं सांगण्याआधीच निकालात काढलं होतं. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मुलांना सांगत असू की माणूस निर्दोष आहे हे गृहीत असतं आणि दोष सिद्ध करायचा असतो. इथं रेडिओपुरता तो नियम उलटा होता.

आता सिल्लोडकडे येऊ. १९४८पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. टपाल वेगळं, नाणं वेगळं, रेडिओही वेगळा. हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रं निजाम सरकारची. आकाशवाणीकडे ती आली १९५० साली. म्हणजे मुंबई-पुण्याकडचा माणूस लायसनाला वीसेक वर्षं सरावला, तेव्हा आपल्याकडे भारत सरकारच्या लायसनाची नुकती ओळख होत होती. १९५६ साली पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं शेतकऱ्यांच्या श्रवण-गटांचा प्रयोग केला, दीडशे गावांत. जगभर त्याचं नाव झालं. आपला तालुका तेव्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणून त्या यादीत आपण नाही.

आणि लोक ऐकत काय होते? ही गंमत जरा सविस्तर सांगावी लागेल. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, संगीताचा जाणकार, पण सिनेसंगीताशी त्यांचं वाकडं. आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. लोकांनी काटा फिरवला आणि सिलोन लावलं. अमीन सायानींचा आवाज, बिनाकाची गाणी. सिलोनला आपल्याकडून एक पैसा जात नव्हता, त्यांचा खर्च जाहिरातींतून निघे. लायसन भरायचं दिल्ली सरकारला आणि ऐकायचं कोलंबो! चिडचीड होणारच. केसकरांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. शास्त्रीय संगीताला त्यांच्या काळात जो आधार मिळाला तो पुढे मिळाला नाही. पण ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला काय आवडतं हे विचारायचंच नाही, ही त्या कारभाराची रीत होती. १९५७मध्ये विविध भारती काढावी लागली, ती या काटा फिरवणाऱ्यांमुळेच.

१९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं शिरूर मठाच्या खटल्यात कर आणि शुल्क यांत फरक सांगितला. कर सगळ्यांच्या सामाईक खर्चासाठी. शुल्क एखाद्या विशिष्ट सेवेच्या बदल्यात. (हे शिरूर आपलं नव्हे, तिकडे उडुपीजवळचं.) रेडिओचं लायसन नाव सांगायचं शुल्काचं आणि वागायचं कराप्रमाणे. पैसे सरकारी तिजोरीत जात, आकाशवाणी सरकारचंच एक खातं. कार्यक्रम लागला नाही, केंद्र नीट ऐकू आलं नाही, तरी पंधरा रुपये देणं होतंच.

वसुली कशी चाले? व्हॉल्व्हच्या मोठ्या रेडिओला घरात जाळीची पट्टी, नाहीतर वर तार लागे. ती दिसली की निरीक्षकाला कळे. ट्रान्झिस्टर आला आणि सगळं बिघडलं. माणूस तो गळ्यात अडकवून शेतात जातो, मिरची तोडताना बांधावर ठेवतो. कुणाकुणाची पुस्तिका तपासणार? १९७०च्या सुमारास देशात कोटीच्या वर लायसनं होती, विनापरवाना किती होते ते देवास ठाऊक. पुढे एक-दोन बँडच्या स्वस्त संचांना सरकारनं माफीच दिली. टीव्हीचं उलट. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. आपल्याकडे चित्र दिसायला बराच काळ जावा लागला. पुढे संच आले तेव्हा म्हैसमाळच्या दिशेनं तोंड करून गच्चीवर उंच अँटेना लावावा लागे. तो अँटेना म्हणजे अख्ख्या गल्लीला दिसणारा कबुलीजबाब.

आणीबाणीत आकाशवाणीवर काय चाललं ते सांगायला नको. त्यानंतर ऑगस्ट १९७७मध्ये बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली गट नेमला गेला. फेब्रुवारी १९७८मध्ये त्यांनी ‘आकाश भारती’ नावाचा स्वायत्त न्यास सुचवला. त्याआधी १९६६मध्ये चंदा समितीनंही आकाशवाणी सरकारपासून वेगळी काढा असं म्हटलं होतं. चंदा समितीचा जाहिरातींचा सल्ला सरकारनं घेतला, १९६७मध्ये विविध भारतीवर जाहिराती आल्या. स्वायत्ततेचा सल्ला फायलीत राहिला. इथं आमचं मत स्पष्ट आहे. लायसनाबद्दल जेवढी कुरकुर पारावर, चहाच्या टपरीवर झाली, तिच्या दहाव्या हिश्शानंही ‘पैसे आमचे, तर आवाज सरकारचाच का’ हा प्रश्न विचारला गेला नाही. राग पोस्टाच्या खिडकीवर संपला.

इंग्लंडात हीच कटकट अजून चालू आहे. तिथं थेट प्रक्षेपण पाहायचं तर २०२५ साली वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स लागत. तिकडे शिकायला गेलेल्या आपल्या मुलांच्या खोलीवर टीव्ही नसला तरी नोटिसांवर नोटिसा येतात. खटल्यांत दोषी ठरणाऱ्यांत दहातल्या सातजणी बायका असत, कारण निरीक्षक दार ठोठावतो तेव्हा घरी बहुधा त्याच. लोक वैतागलेले आहेतच. पण तो पैसा मुख्यतः बीबीसीकडे जातो, त्यामुळे तिथला माणूस ‘मी लायसन भरतो’ असं म्हणून बीबीसीला जाब विचारतो. आपल्याकडे हे वाक्य कधी ऐकलंय का कुणी?

आपल्याकडे १९८४-८५च्या सुमारास लायसन रद्द झालं. हळहळलं कुणी नाही. मग केबल आली, आणि राज्याचा करमणूक कर जोडणीमागे बसला. तपासणी महसूल खात्याकडे. आता लपवालपवी घरमालकाची राहिली नाही, ती केबलवाल्याकडे गेली. जोडण्या जास्त आणि दाखवायच्या कमी. २०१७मध्ये जीएसटी आला. २०१९मध्ये वाहिन्या दिसोत न दिसोत, १३० रुपयांपर्यंत अधिक कर असं मूळ शुल्क सुरू झालं. १९३३चा कायदा मात्र पुस्तकात तसाच होता. २०२३च्या दूरसंचार कायद्यानं त्याला निरोप दिला.

एक चिठ्ठी आली आहे : ‘सर, जुनी पुस्तिका सापडली, ठेवू का रद्दीत देऊ?’ ठेवा. शिक्के नीट वाचा, कोणत्या वर्षी भरलं आणि कोणत्या वर्षी भरलं नाही ते पाहा. बहात्तर-त्र्याहत्तरची पानं कोरी दिसली तर आम्हाला जरूर कळवा.